जमिनीखालचा मॅक्सवेल

तीन वर्षंसुद्धा पूर्ण न झालेलं एक पोर. स्कॉटलंडमधल्या एका खेडेगावातल्या घरात ते दिवसभर दारं, कुलपं आणि किल्ल्यांच्या मागे लागलेलं. एका खोलीत दोरी ओढली की दुसऱ्या खोलीत घंटा वाजते, मग मधली तार भिंतीच्या आतून नेमकी कुठून जाते हे त्याला बघायचं असे. तळ्यातलं पाणी भिंतीतून कसं बाहेर पडतं, छोट्या पुलाखालून नाल्यात कसं जातं, पुढे नदीला मिळून लोहाराच्या भट्टीवरून समुद्रापर्यंत कसं पोचतं, याचाही तपास चालूच. घरच्यांनी १८३४ साली लिहिलेल्या एका पत्रात हे सगळं आलेलं आहे. आईवडील कौतुकाने लिहीत होते आणि बहुधा थोडे वैतागलेलेही असावेत!

या पोराचं नाव जेम्स क्लार्क मॅक्सवेल. जन्म १३ जून १८३१, एडिंबरो.

मित्रांनो, तुमची-माझी मॅक्सवेलशी ओळख होते ती परीक्षेच्या आदल्या रात्री. चार समीकरणं, डेल, क्रॉस, डॉट, दोन्ही रूपं पाठ, पेपरात उतरवली की विषय संपला. त्यामागे कोणी माणूस होता, तो अठ्ठेचाळीसाव्या वर्षी गेला, आणि आपण ज्यांना त्याची चार समीकरणं म्हणतो ती त्याने त्या रूपात कधी लिहिलीच नव्हती, हे मला फायनल इयरच्या प्रोजेक्टपर्यंत ठाऊक नव्हतं. प्रोजेक्ट होतं ग्राउंड पेनिट्रेटिंग रडारचं, म्हणजे जीपीआरचं. खरं मशीन नव्हे (त्याची किंमत ऐकून आम्ही तो विषय तिथेच सोडला), तर रडारची लहर मातीतून कशी जाते याचं कॉम्प्युटरवरचं मॉडेल. आणि माती कुठली घ्यायची, तर अर्थातच आमच्या भिवंडीची.

भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग आठवतात, गोडाउनं आठवतात आणि ट्रॅफिक तर आठवतोच. पण आमचा तालुका पाइपांचाही आहे. १८९२ साली पुऱ्या झालेल्या तानसा धरणापासून मुंबईकडे पाणी नेणाऱ्या मोठमोठ्या जलवाहिन्या इथून जातात, पांजरापूरचं जलशुद्धीकरण केंद्रही भिवंडी तालुक्यातच. हे मोठे पाइप बरेचसे डोळ्यांना दिसतात, त्यांच्यावर बसून पोरं गप्पा मारतात. प्रश्न आहे तो न दिसणाऱ्या पाइपांचा. जुन्या वस्तीत रस्त्याखाली कुठली लाइन कुठून वळली, हे पुष्कळदा एखाद्या म्हाताऱ्या प्लंबरलाच आठवत असतं. मग जेसीबी येतो, बादली खाली जाते आणि रस्त्यावर कारंजं उडतं. पाण्याच्या जागी विजेची केबल असली तर काय होतं ते सांगायला नको.

जीपीआर इथे कामाला येतो. जमिनीवरून अँटेना फिरवायची, ती खाली एक अगदी छोटी रेडिओ लहर सोडते, माती बदलली किंवा पाइप लागला की लहरीचा काही भाग परत फिरतो. तो किती नॅनोसेकंदांनी परत आला त्यावरून खोली काढायची. ऐकायला सोपं. पण ही लहर हवेतून नाही, मातीतून जाते, आणि मातीत नेमकं काय होतं हे ठरतं मॅक्सवेलने १८६१ च्या सुमारास समीकरणात घातलेल्या एका पदावरून. माझ्या मते त्याच्या सगळ्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी गोष्ट. तिथपर्यंत तो कसा पोचला ते आधी बघू.

बालपण गेलं ग्लेनलेअर नावाच्या वडिलांच्या इस्टेटीवर, शेतात आणि ओढ्यात. आठ वर्षांचा असताना आई पोटाच्या कॅन्सरने गेली. वडिलांनी ठेवलेला शिकवणीचा मास्तर मुलाला मठ्ठ समजून मारायचा. दहाव्या वर्षी त्याला एडिंबरोच्या शाळेत घातलं. वडील हौशी, मुलाचे कपडे आणि बूट स्वतः डिझाइन करून घेत. चौकोनी टोकाचे ते बूट आणि तो खेडवळ उच्चार पाहून वर्गातल्या मुलांनी पहिल्याच दिवशी कपडे फाडले आणि वेडपट अशा अर्थाचं एक टोपणनाव चिकटवलं. ते शाळेत शेवटपर्यंत टिकलं. होस्टेलवर पहिल्या आठवड्यात काय होतं ते ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायची गरज नाही.

या वेडपटाने चौदाव्या वर्षी पहिला पेपर लिहिला. फर्स्ट इयरच्या ड्रॉइंगमध्ये दोन टाचण्या आणि एक दोरा घेऊन आपण लंबवर्तुळ काढतो ना, त्याने तोच दोरा एका टाचणीभोवती जास्त वेळा गुंडाळून वेगळ्याच अंडाकृती काढल्या आणि त्यांचं गणित मांडलं. १८४६ साली एडिंबरोच्या रॉयल सोसायटीत तो पेपर प्रोफेसर फोर्ब्ज यांनी वाचून दाखवला, कारण एवढ्याशा पोराला व्यासपीठावर उभं करणं त्या काळी बसत नव्हतं.

पुढे एडिंबरो विद्यापीठ. तिथली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ग्लेनलेअरला सुट्टीत त्याने जिलेटिनच्या वड्या बनवून त्या पिळल्या आणि ध्रुवीकृत प्रकाशात बघितल्या. आत ताण कुठे आहे ते रंगांवरून दिसतं. मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांची फोटोइलॅस्टिसिटी ती हीच. १८५० मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, लवचीक पदार्थांच्या समतोलावर त्याचा पेपर आला. पदार्थ दाबला की तो थोडा सरकतो आणि सोडला की परत येतो, ही कल्पना तेव्हापासून त्याच्या डोक्यात पक्की बसली होती.

मग केंब्रिज. १८५४ साली ट्रायपॉस परीक्षेत तो सेकंड रँग्लर आला. पहिला आला तो राउथ, कंट्रोल सिस्टिम शिकलेल्यांना राउथ ॲरे आठवत असेल, तोच. आपल्याकडे रँग्लर हा शब्द घरोघरी पोचला तो मुर्डीच्या रघुनाथराव परांजप्यांमुळे, त्यांनी १८९९ साली त्याच परीक्षेत पहिला नंबर मिळवला. म्हणजे ज्या परीक्षेत मॅक्सवेल दुसरा आला तिथे आपला कोकणातला माणूस पहिला! एवढा अभिमान चालायला हरकत नाही.

ॲबर्डीनला प्रोफेसरी, शनीच्या कड्यांवरचा बक्षीसपात्र निबंध (कडी अखंड घन असू शकत नाहीत, असंख्य सुट्या कणांचीच असली पाहिजेत हे त्याने गणिताने दाखवलं), प्रिन्सिपॉलच्या मुलीशी, कॅथरीनशी १८५८ साली लग्न. दोन वर्षांनी दोन कॉलेजं एकत्र झाली आणि एकाच विषयाच्या दोन प्रोफेसरांपैकी एकाला घरी जावं लागलं. गेला तो मॅक्सवेल, सासरा प्रिन्सिपॉल असूनसुद्धा. त्याच वर्षी एडिंबरोच्या जागेसाठी अर्ज केला, ती शाळेतल्या मित्राला, टेटला मिळाली. वर देवी आल्या, त्यातून कॅथरीनच्या सेवेने वाचला. शेवटी लंडनच्या किंग्ज कॉलेजात नोकरी मिळाली आणि तिथल्या पाच वर्षांत त्याने जे केलं त्यावर आपली अख्खी ब्रँच उभी आहे.

त्या वेळी परिस्थिती काय होती? फॅरडेने प्रयोगांचा डोंगर उभा केला होता. फॅरडे मूळचा बुकबाइंडर, गणित जवळपास येत नव्हतं, म्हणून त्याने चुंबकाभोवती बलरेषांची चित्रं कल्पिली. मोठमोठे गणिती त्याला हसत. मॅक्सवेलने मात्र ठरवून आधी फॅरडेचे प्रयोग वाचले, गणित नंतर. मग त्या बलरेषांसाठी त्याने एक यंत्रच कल्पिलं. सगळी जागा छोट्या छोट्या खणांनी भरलेली आहे, प्रत्येक खणात एक भोवरा गरगर फिरतोय, हे फिरणं म्हणजे चुंबकीय क्षेत्र. शेजारचे दोन भोवरे एकाच दिशेने फिरले तर एकमेकांना घासणार, म्हणून त्यांच्यामध्ये बॉल बेअरिंगमधल्या गोळ्यांसारखे बारीक कण. ते कण सरकले की तो विजेचा प्रवाह. हे वाचताना मला आधी हसू आलं. एवढा मोठा सैद्धांतिक शास्त्रज्ञ आणि हा तर आमच्या यंत्रमाग कारखान्यातल्या मेकॅनिकसारखा गिअर जुळवतोय! पण चित्र चाललं. ॲम्पियरचा नियम त्यातून निघाला, फॅरडेचाही निघाला. १८६१ साली हे भाग छापून आले.

अडचण राहिली ती इन्सुलेटरची. काच, हवा, मेण यांच्यात ते कण जागेवरून हलू शकत नाहीत, मग तिथे काहीच होत नाही का? १८६१ च्या उन्हाळ्यात मॅक्सवेल ग्लेनलेअरला होता. इथे ती जिलेटिनची वडी कामाला आली. खण कडक नसून लवचीक आहेत असं धरलं तर? मग इन्सुलेटरमध्ये विजेचा जोर लागला की कण वाहत नाहीत, पण जागच्या जागी थोडे सरकतात, आणि जोर बदलत राहिला की हे सरकणंही बदलत राहतं. बदलतं सरकणं म्हणजेसुद्धा एक प्रकारचा प्रवाहच. हाच तो डिस्प्लेसमेंट करंट. पुस्तकात आपल्याला कपॅसिटरच्या दोन प्लेटांमधली फट दाखवून तो शिकवतात. समजायला ते सोयीचं आहे, पण मॅक्सवेलला तो तसा सापडला नव्हता, तो सापडला पदार्थाच्या लवचीकपणातून.

आणि लवचीक पदार्थात काय जातं? लहर. तिचा वेग त्याने काढला, पण आकडे पडताळायची पुस्तकं लंडनला. सुट्टी संपेपर्यंत थांबावं लागलं. ऑक्टोबरात लंडनला परतल्यावर वेबर आणि कोलराउश या जर्मनांनी १८५६ साली मोजलेला विजेचा आकडा घालून बघितला, उत्तर आलं सेकंदाला ३,१०,७४० किलोमीटर. फिझोने मोजलेला प्रकाशाचा वेग होता सेकंदाला ३,१४,८५८ किलोमीटर. विजेचे आणि चुंबकाचे प्रयोग टेबलावर करून मिळालेला आकडा प्रकाशाच्या वेगाला जाऊन भिडला! त्या संध्याकाळी त्याला काय वाटलं असेल याची मी फक्त कल्पना करू शकतो.

पण त्याच्या पुढचं पाऊल मला जास्त थोर वाटतं. ८ डिसेंबर १८६४ ला रॉयल सोसायटीपुढे आलेल्या आणि १८६५ साली छापलेल्या पेपरात त्याने ते भोवरे आणि ते गोळे काढून टाकले. इमारत उभी राहिली, परांची उतरवली. उरली ती वीस राशींमधली वीस समीकरणं. आपण लिहितो ती चार नंतरची, ऑलिव्हर हेविसाइड नावाच्या, कॉलेजचं तोंड न बघितलेल्या माजी तारयंत्रवाल्याने १८८४-८५ च्या सुमारास केलेली. वीसची चार केली म्हणून हेविसाइडचे आपण विद्यार्थ्यांनी कायमचे ऋणी राहायला हवं.

आता मातीकडे येऊ.

मॅक्सवेलच्या समीकरणात दोन प्रवाह शेजारी शेजारी बसतात. एक कंडक्शन करंट, जो तांब्याच्या तारेत असतो, ज्यात ऊर्जेची उष्णता होते. दुसरा डिस्प्लेसमेंट करंट, ज्यामुळे लहर पुढे जाते. तारेत पहिलाच मोजायचा, हवेत दुसराच. पण माती ना तार ना हवा. मातीत दोन्ही असतात आणि त्यांची मारामारी चालते. कोण जिंकतो त्यावर रडार खाली पोचणार की नाही हे ठरतं. जीपीआरचा अख्खा विषय या एका वाक्यात बसतो असं म्हणायला मी तयार आहे.

आकडे घेऊन बघू. अँटेना ४०० मेगाहर्ट्झची, ओलसर माती, सापेक्ष पर्मिटिव्हिटी १६. लहरीचा वेग हवेच्या चौथ्या भागाइतका, म्हणजे नॅनोसेकंदाला साडेसात सेंटिमीटर. तरंगलांबी पावणेएकोणीस सेंटिमीटर. माती गोड्या पाण्याने ओली असेल आणि कंडक्टिव्हिटी मीटरला ०.०२ सीमेन्स असेल, तर कंडक्शन करंट डिस्प्लेसमेंट करंटच्या सहा टक्क्यांहूनही कमी भरतो. लहर मीटरला साधारण ८ डेसिबल गमावते. चालेल, पाइप दिसेल.

आता कामवारी नदीच्या खालच्या अंगाला, काल्हेर-कशेळीकडे खाडीजवळ या. तिथे खाजण, चिकणमाती आणि खारं पाणी. तशा मातीत कंडक्टिव्हिटी सहज दहापट होऊ शकते. ०.२ सीमेन्स धरा. मग कंडक्शन करंट डिस्प्लेसमेंटच्या निम्म्याच्याही वर जातो आणि लहर मीटरला जवळपास ८० डेसिबल गमावते. एक मीटर खोल जाऊन परत यायचं म्हणजे १६० डेसिबलच्या आसपास. परत येतं काय, तर काहीच नाही. बरं, ट्रान्समीटरची पॉवर दुप्पट केली तर? जेमतेम दोन सेंटिमीटर जास्त खोल दिसेल. दोन सेंटिमीटर! पैसे ओतून हा प्रश्न सुटत नाही.

यातला धोका वेगळाच आहे. मशीनच्या स्क्रीनवर काहीच दिसत नाही याचे दोन अर्थ होतात. खाली पाइप नाही, किंवा पाइप आहे पण मातीने लहर गिळली. स्क्रीन दोन्ही वेळा सारखीच दिसते. जेसीबीवाला पहिला अर्थ धरून बादली खाली सोडतो. म्हणून मशीन नेण्याआधी मॉडेल चालवायचं, या मातीत दिसायला हवं होतं की नव्हतं, हे आधी ठरवायचं.

आणि पाणी फक्त लहर गिळतं असं नाही, तिला हळूही करतं. सुका मुरूम घ्या, पर्मिटिव्हिटी सहा-सव्वासहा धरली तर वेग नॅनोसेकंदाला १२ सेंटिमीटर. मे महिन्यात हा वेग मोजून ठेवला आणि जुलैत, पावसाने भिजलेल्या जमिनीवर, तोच वापरला, तर ८० सेंटिमीटरवर असलेला पाइप हिशेबात १ मीटर २८ सेंटिमीटरवर दिसतो. कंत्राटदार एक मीटरपर्यंत बिनधास्त खोदायला सांगतो. पुढचं कारंजं तुम्हाला माहीत आहेच.

मातीची पर्मिटिव्हिटी काढायची कशी, हाही प्रश्नच आहे. माती म्हणजे कण, पाणी आणि हवा यांची खिचडी. खनिजाची पर्मिटिव्हिटी चार-पाच, पाण्याची ८०, हवेची १. या मिश्रणाची एकूण किती धरायची? इथेही मॅक्सवेल आधीच हजर! १८७३ साली आलेल्या त्याच्या दोन खंडांच्या ग्रंथात एका माध्यमात दुसऱ्या पदार्थाचे बारीक गोळे विखुरलेले असतील तर एकूण कंडक्टिव्हिटी किती, याचं सूत्र आहे. त्याच धाटणीचं पर्मिटिव्हिटीचं सूत्र मॅक्सवेल गार्नेट या नावाने चालतं. हे दोन शास्त्रज्ञ असतील अशी बऱ्याच जणांची समजूत असते. तो एकच माणूस. मॅक्सवेलच्या हाताखाली केंब्रिजला विल्यम गार्नेट हा डेमॉन्स्ट्रेटर होता, त्याने मॅक्सवेल गेल्यावर १८८० साली जन्मलेल्या आपल्या मुलाचं नाव ठेवलं जेम्स क्लार्क मॅक्सवेल गार्नेट. त्या मुलाने मोठेपणी, १९०४ साली, ते सूत्र दिलं. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तसं त्याने साहेबांचं नाव मुलाला ठेवलं आणि मुलाने ते सार्थ केलं.

मॅक्सवेलची केंब्रिजची वर्षं मी थोडक्यात सांगतो. १८६५ मध्ये लंडन सोडून तो ग्लेनलेअरला गेला, तिथे शेतीवाडी बघत ग्रंथ लिहीत बसला. मधल्या काळात वायूंच्या कणांच्या वेगांवर काम, वाफेच्या इंजिनांच्या गव्हर्नरवर १८६८ चा पेपर (कंट्रोलचा विषय तिथून सुरू होतो), रंगांच्या दृष्टीवर काम. १८७१ साली केंब्रिजला पहिला कॅव्हेंडिश प्रोफेसर झाला आणि प्रयोगशाळा बांधण्यापासून सगळं अंगावर घेतलं. १८७४ मध्ये ती उघडली. पुढची पाच वर्षं बराचसा वेळ हेन्री कॅव्हेंडिशच्या शंभर वर्षं पडून राहिलेल्या वह्या तपासून छापण्यात घालवला. त्याने हा वेळ स्वतःच्या लहरींना द्यायला हवा होता असं मला फार वाटतं. प्रयोगशाळा होती, हाताखाली माणसं होती, तरी विद्युतचुंबकीय लहर निर्माण करून पकडायचा प्रयत्न त्याने केलाच नाही. काही जण म्हणतील, आपलं सोडून दुसऱ्याच्या वह्या नीट लावणं हाच त्याचा मोठेपणा. असेल. पण हळहळ जात नाही.

कारण वेळ नव्हता. ज्या आजाराने आई गेली त्याच पोटाच्या कॅन्सरने, जवळपास तिच्याच वयात, ५ नोव्हेंबर १८७९ ला केंब्रिजमध्ये तो गेला. ग्लेनलेअरजवळच्या पार्टन गावातल्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं. १८८७-८८ साली जर्मनीत हाइनरिश हर्ट्झने ठिणग्यांनी लहरी निर्माण केल्या, जस्ताच्या पत्र्यावरून त्या परत फिरतात हे दाखवलं. पत्र्यावर आपटून परतणारी लहर, म्हणजे रडारचं बीजच. हर्ट्झही छत्तिसाव्या वर्षी गेला. १९२९ साली ऑस्ट्रियातल्या हिमनदीची खोली रेडिओ लहरींनी मोजली गेली आणि जमिनीत बघायचा मार्ग खुला झाला.

समीकरणं होती, पण कागदावर ती सुटतात फक्त सरळसोट आकारांसाठी. खड्डे, दगड, अर्धवट ओली माती, तिरका पाइप असला की पेन थांबतं. १९६६ साली केन यी याने एक युक्ती दिली. सगळ्या जागेचे छोटे खण पाडायचे. विद्युत क्षेत्र खणाच्या कडांवर, चुंबकीय क्षेत्र खणाच्या बाजूंच्या मध्यावर. वेळेचेही तुकडे. आधी शेजारच्या चुंबकीय क्षेत्रांवरून विद्युत क्षेत्र पुढे न्यायचं, मग अर्ध्या पावलाने शेजारच्या विद्युत क्षेत्रांवरून चुंबकीय. पुन्हा हे, पुन्हा ते. भिवंडीच्या माणसाला हे समजावायला सोपं आहे. धोटा एकदा इकडून जातो, एकदा तिकडून, आणि प्रत्येक फेरीला कापड एक धागा पुढे सरकतं.

आमच्या मॉडेलमध्ये दोन मीटर रुंद आणि एक मीटर खोल मातीचा उभा काप होता. खण पाच मिलिमीटरचा, कारण लहरीतल्या सर्वांत आखूड भागाच्या लांबीतसुद्धा दहा-बारा खण बसले पाहिजेत. म्हणजे ८०,००० खण. वेळेचं पाऊल ११.८ पिकोसेकंदांहून मोठं घेता येत नाही, कोरांट आणि मंडळींनी १९२८ सालीच घालून दिलेला हा नियम मोडला की आकडे फुगत फुगत स्क्रीनभर कचरा होतो. ४० नॅनोसेकंद चालवायचं तर जवळपास ३,४०० पावलं. आणि कडेला लहर आपटून परत येऊ नये म्हणून बेरेंजरने १९९४ मध्ये शोधलेला शोषून घेणारा थर, नाहीतर नसलेल्या भिंतींचे प्रतिध्वनी पाइपासारखे दिसतात.

प्रोग्रॅमचं पोट म्हणजे विद्युत क्षेत्राची एक ओळ. त्या ओळीत दोन गुणक असतात. त्या दोन गुणकांत पर्मिटिव्हिटी आणि कंडक्टिव्हिटी, दोन्ही शेजारी बसलेल्या. डिस्प्लेसमेंट करंट आणि कंडक्शन करंट, ८०,००० खणांत, ३,४०० वेळा, एकमेकांशी झुंजत. ही ओळ टाइप करताना मला ते भोवऱ्यांनी भरलेले खण आठवले. खण, शेजाऱ्याला ढकलणारा शेजारी, ढकलत ढकलत पुढे जाणारी लहर. १८६५ मध्ये मॅक्सवेलने उतरवलेली परांची शंभर वर्षांनी वेगळ्या रूपात परत चढवली गेली, असं माझं आपलं मत. यीचे खण नुसते गणिताचे आहेत, भोवऱ्यांचे नाहीत, हा फरक मला मान्य आहे. व्हायवात मी हे बोललो तेव्हा बाहेरच्या परीक्षकांनी चष्म्यावरून बघितलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

आमचं उत्तर पडताळून बघायला आम्ही जीपीआरमॅक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली वापरली. मातीतल्या रडारसाठी जगभर ती वापरतात. ती सुरू करणारे अँटोनिस जिआनोपौलोस हे एडिंबरो विद्यापीठातले, म्हणजे जिथे मॅक्सवेलने जिलेटिनच्या वड्या पिळण्याच्या दिवसांत शिक्षण घेतलं तिथलेच. गोड्या ओल्या मातीतला पाइप दोन्ही ठिकाणी छान कमानीसारखा उमटला, कमानीचा माथा एकवीस नॅनोसेकंदांच्या जरा पुढे, हातच्या हिशेबाशी जुळणारा. मग कंडक्टिव्हिटी दहापट करून खाजणाचा आकडा घातला. पाइप तिथेच होता, आम्हीच ठेवला होता, ८० सेंटिमीटरवर. स्क्रीनवर वरच्या जमिनीची एक जाड पट्टी आली आणि तिच्याखाली सपाट करडा रंग.